डाव्या कप्प्यातली उशी

गादीमास्तरांना माणूस भेटला की ते आधी त्याची उंची विचारायचे. नाव नंतर, तब्येत त्याहून नंतर. "उंची किती?" हाच त्यांचा नमस्कार. धंदाच तसा होता. उंची कळल्याशिवाय गादी बेतता येत नाही, आणि ज्याची गादी बेतता येत नाही त्या माणसाशी बोलायचं तरी काय, असा त्यांचा सरळ हिशेब.

या सवयीपायी त्यांचं लग्न मोडता मोडता राहिलं. ऐन पंचविशीत ते लग्नाचं बोलायला मुलीच्या घरी गेले. मुलीने चहाचा कप पुढे केला आणि या पठ्ठ्याने कप घ्यायच्या आधी विचारलं, "उंची किती?"

मुलीची आई ताडकन उठली. "उंची? माझी मुलगी काय कपाट आहे, दारातून आत जाईल की नाही बघायला?"

मास्तरांची बोबडी वळली. "नाही हो... म्हणजे... झोपायला गादी लागेल ना. आधीच करून ठेवतो."

मग मुलगीच फिस्सकन हसली आणि म्हणाली, "पाच फूट एक." झालं, तिथेच ठरलं. ती ताडकन उठलेली बाई म्हणजे आपल्या गोष्टीतल्या सासूबाई. पुढे कितीतरी वर्षं आल्यागेल्याला त्या हा प्रसंग नकलेसकट सांगत, आणि मास्तर दर वेळी कानापर्यंत लाल होत.

मास्तरांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. शिवणाचं मशीन, भिंतीला दाभणं आणि कात्र्या, कोपऱ्यात कापसाचा ढीग आणि फोमचे तुकडे. आत गेलेला माणूस शिंकत बाहेर यायचा. दुकान वडिलांचं, आणि वडिलांनी जाताना दुकानासोबत एक शिकवणही ठेवली होती. "भर घालताना हात आखडू नकोस. आणि घातलेली भर काढतो तो गादीवाला नव्हे, चोर." मास्तरांनी हे वाक्य असं काही पाळलं की त्यांच्या गादीवर पहिलं वर्षभर माणूस झोपत नसे, घरंगळत असे.

तीन वर्षांपूर्वी मास्तरांची बायको गेली. तिच्या आजारपणात शुश्रूषेला म्हणून आलेल्या सासूबाई नंतर परत गेल्या नाहीत. जाणार कुठे, आणि तिकडे होतं तरी कोण? मूलबाळ नव्हतं. तीन खोल्यांत उरले एक जावई आणि एक सासू. बायकोची जागा रिकामी दिसायला नको म्हणून मास्तरांनी तिची सगळी कामं अंगावर घेतली. बाजारहाट त्यांच्याकडे, कुंड्यांना पाणी त्यांच्याकडे. वरच्या मजल्यावरची बाई ओले कपडे न पिळता वाळत घालायची, तिच्याशी भांडणंसुद्धा त्यांच्याकडेच, आणि तेही बायकोच्याच शब्दांत. "अगं भवाने, तुझ्या चादरीने माझी अंघोळ झाली!" असं हे मिशीवाले गृहस्थ खिडकीतून ओरडत. वरची बाई पहिल्या दिवशी एवढी घाबरली की चादर सोडून पळाली.

मग एकदा दम लागला म्हणून डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, रक्तदाब वाढलाय. हृदयाची भिंत जाड झालीय तुमच्या."

"वा!" मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी पुढे मीठ, गोळ्या, विश्रांती असं बरंच काही सांगितलं, पण मास्तरांच्या डोक्यात 'जाड' एवढंच राहिलं. जाड भिंत म्हणजे पक्कं काम! त्यांनी ही बातमी दूधवाल्यापासून सगळ्यांना कौतुकाने सांगितली. गोळी आठवली तर घेत.

आणि याच सुमारास शहरातल्या विज्ञान-संग्रहालयाने त्यांना बोलावणं धाडलं. संग्रहालयाला एक हृदय हवं होतं. घराएवढं, आत चालत जाता येईल, बसता येईल असं. भिंती उशांच्या. एक उशी म्हणजे हृदयाच्या स्नायूची एक पेशी. हे सगळं ज्या बाईंच्या डोक्यातून निघालं होतं, त्यांनी उभा जन्म काचेच्या ताटल्यांत हृदयाच्या पेशी सांभाळण्यात घालवला होता. चष्मा कपाळावर सरकवायचा आणि मग सगळ्यांना चष्मा शोधायला लावायचं, ही त्यांची ओळख. मास्तरांनी त्यांचं नाव पेशीबाई ठेवलं.

पेशीबाई म्हणाल्या, "आधी मूठभरच उशा करा. मग प्रत्येक उशी मधोमध कापा, एकीच्या दोन करा, दोन्ही पुरत्या भरा. मग त्याही कापा."

"बाई, मी सरळ चारशे उशा शिवून देतो की."

"पोटात असं होत नाही, मास्तर."

"पोटात कुठे? मी दुकानात आहे."

पण बाईंना त्याची फिल्म काढून लोकांना दाखवायची होती. आईच्या पोटात असताना हृदयाची पेशी दुभंगते, एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात, हृदय तसं वाढतं. तेव्हा मास्तरांनी चांगल्या शिवलेल्या उशा स्वतःच्या हाताने कापल्या. प्रत्येक वेळी कात्री लावताना ते डोळे मिटत. पण दोन्ही अर्ध्या पुन्हा भरायला मिळायच्या, त्यात त्यांचं मन रमायचं.

उद्घाटन म्हणजे हृदयाचा जन्म. फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या, आणि पेशीबाईंनी मास्तरांच्या हातातलं दाभण काढून घेतलं.

"आता नवीन उशी बंद."

"कधीपर्यंत?"

"मरेपर्यंत."

"कोणाच्या?" मास्तर दचकले.

"हृदयाच्या हो! जन्मानंतर पेशी दुभंगायच्या थांबतात. आहेत त्याच लांबरुंद होतात. तुमचं हृदय तान्हेपणापासून एवढं वाढलं, ते आहेत त्या पेशी मोठ्या होऊन. तेव्हा आता फक्त भर घालायची. आणि भर बदला. पोटात असताना ते साखरेवर चालत होतं, आता दूध सुरू झालं, स्निग्धावर, म्हणजे चरबीवर चालेल. कापूस पुरे, फोम घाला."

वर त्यांनी काही उशांना दोन दोन बटणं लावायला सांगितली. उशीच्या मध्यावरचं बटण म्हणजे पेशीचं केंद्रक.

"एका उशीला दोन बटणं कशाला?"

"ती दुभंगायला निघाली होती. केंद्रकाची दोन झाली, पण पुढे पेशी दुभंगलीच नाही."

"आमच्या धाकट्या भावासारखं," मास्तर म्हणाले. "भांडून गावचं घर सोडून निघाला. बॅग भरली, चपला घातल्या, दारात गेला, आणि परत येऊन जेवायला बसला. अजून तिथेच आहे."

दाराशी एक फलक लागला. 'जन्मानंतर हृदयात नवीन पेशी येत नाही. आहेत त्याच मोठ्या होऊन भार उचलतात.' मास्तर रोज कामाला आले की आधी हा फलक वाचत. पहिल्यांदा वाचला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. अरे, हे तर आपल्याच घराचं लिहिलंय! एक माणूस गेलं, नवीन कोणी यायचं नाही, उरलेल्याने मोठं होऊन भागवायचं. आपण करतोय ते बरोबर आहे, हे कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं.

हृदय झपाट्याने वयात येत होतं. काही आठवडे गेले की दहा वर्षं गेली असं धरायचं. भिंतीमागच्या मोटारीने पट्टे ओढले की सगळ्या उशा आवळायच्या, 'धप्प', आणि पट्टे सुटले की सैल व्हायच्या, 'सुस्स'. आत बसलेल्यांना गुदगुल्या व्हायच्या. पंचविशीला बाईंनी 'धावपटू सप्ताह' काढला. धावणाऱ्याचं हृदय कसं ऐसपैस मोठं होतं ते दाखवायला उशांतली भर वाढवली. आठवडा संपला तशा त्या म्हणाल्या, "आता वाढवलेली भर काढा. धावणं थांबलं की पेशी परत आटोपशीर होतात. बाळंतिणीचंही तसंच असतं. भार तेवढ्यापुरता, वाढ तेवढ्यापुरती."

"काढा?" मास्तरांनी विचारलं.

"काढा."

मास्तर हो म्हणाले. बाई जेवायला गेल्या. मास्तरांनी पहिल्या उशीची शिवण उसवली, आत हात घातला, आणि त्यांच्या कानात वडील ओरडले, चोर! त्यांनी हात बाहेर घेतला, शिवण परत घातली. जवळ फोमचे दोन तुकडे उरले होते, ते फेकायचे कुठे, म्हणून तेही कोंबले. बाई आल्यावर म्हणाले, "झालं." पुढे पन्नाशीला रक्तदाब दाखवायला आणखी भर घातली, तीही या न काढलेल्या भरीवर चढली. कोणाच्या लक्षात आलं नाही. उशा नुसत्या टणक झाल्यात असं एकदोन पोरं म्हणाली, पण पोरांचं कोण ऐकतो!

सासूबाई दुपारी मास्तरांचा डबा घेऊन येत. पहिल्या दिवशी त्या डाव्या खालच्या कप्प्यात टेकल्या आणि म्हणाल्या, "दिव्याखाली अंधार! घरी माझ्या उशीत दगड भरलेत, आणि इथे चारशे परीच्या उशा!" दुसऱ्या दिवशी त्या जरा लवकर आल्या. तिसऱ्या दिवशी डबा द्यायच्या आधीच आत जाऊन बसल्या. कारण तिथे लिफ्टकाका बसायचे.

लिफ्टकाका म्हणजे एका मोठ्या कचेरीतले निवृत्त लिफ्टमन. चाळीस वर्षं स्टुलावर बसून लहानशा खोलीतून वरखाली गेलेला माणूस. निवृत्त झाल्यापासून स्थिर खोलीत त्यांना झोप लागेना, अन्न गोड लागेना. हृदयाच्या डाव्या कप्प्यात मात्र खोली सारखी हलायची, धप्प, सुस्स, आणि काकांचा जीव थाऱ्यावर यायचा. कोणी आत शिरलं की सवयीने विचारत, "वर की खाली?" गंमत म्हणजे हा माणूस राहायचा पाचव्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. सकाळी कसेबसे उतरत, संध्याकाळी प्रत्येक जिन्यावर थांबून "दुसरा मजला... तिसरा मजला..." असं स्वतःलाच पुकारत चढत.

सासूबाई आणि काका रोज एकाच उशीवर बसत. एवढ्या उशा मोकळ्या असताना एकाच! हृदयाने साठी ओलांडली आणि एक दिवस त्या उशीची शिवण फाटकन गेली. मास्तर दाभण घेऊन धावले, तर पेशीबाई म्हणाल्या, "दुरुस्त नाही करायची. मेलेली पेशी परत येत नाही. तिथे व्रण होतो. जाड कॅनव्हास शिवा. तो आवळत नाही, सुटत नाही, नुसती जागा धरून राहतो. आणि तिचा भार शेजारच्या उचलतील. त्यांना थोडी भर घाला." 'थोडी' हा शब्द मास्तरांना कधी ऐकू आलाच नव्हता.

त्याच आठवड्यात जेवताना सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, मी लग्न करतेय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "कोणाचं?"

"माझं! लिफ्टकाकांशी."

मास्तर आधी हसले. मग समोरचा चेहरा बघून हसायचे थांबले. "आई, अहो शहात्तर वर्षांच्या आहात तुम्ही!"

"ते एकोणऐंशीचे आहेत. ते काही म्हणाले नाहीत. पाच मजले चढवत नाहीत त्यांना आता. इथे राहायला येतील. तळमजला आहे."

ती खोली, ते कपाट, त्या कुंड्या, सगळं त्यांनी जिथल्या तिथे धरून ठेवलं होतं. आता तिथे एक परका म्हातारा येऊन "वर की खाली?" विचारणार! त्यांना राग आला, आणि रागात त्यांना फलक आठवला.

"आई, जन्मानंतर नवीन पेशी येत नाही. विज्ञान आहे हे. आहेत त्याच मोठ्या होतात. आपण दोघं आहोत, पुरे आहोत."

"असं?" सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. "मग बाईंनी दुसरंही सांगितलंय, मी कान देऊन ऐकलंय. ताटलीत दोन पेशी वेगवेगळ्या ठेवल्या तर दोघी आपापल्या तालात धडधडतात. एकमेकींना चिकटल्या की एका तालात! हेही विज्ञानच आहे, जावईबापू!"

त्या 'जावईबापू' म्हणाल्या की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

"नवीन माणूस या घरात नको," मास्तर म्हणाले.

"ठीक आहे. मग मी त्यांच्याकडे जाते. हृदयाच्या सत्तरीचा तो कार्यक्रम झाला की निघते."

"पाच मजले? तुमच्या गुडघ्यांनी?"

"चढेन की बसत उठत. पण एक सांगते, एकदा वर गेले की मी काही खाली यायची नाही. जमायचंच नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही वर या."

मास्तर त्या दिवशी उपाशीच उठले. त्यांना लिफ्टकाकांचा राग होता, सासूबाईंचा राग होता, पण सगळ्यांत जास्त भीती होती. बायकोला आठवणारं दुसरं माणूस या जगात एवढंच उरलं होतं. तेही पाचव्या मजल्यावर गेलं तर तीन खोल्यांत आपण कोणाशी बोलायचं? तरी हो म्हणवत नव्हतं. ते संग्रहालयात गेले आणि दिवसभर त्या व्रणाशेजारच्या उशा भरत बसले. हाताला लागेल ते भरलं.

सत्तरीचा दिवस उजाडला. सासूबाईंची पेटी सकाळीच बांधून तयार होती. कार्यक्रमाला गर्दी झाली, आणि प्रमुख पाहुणे आले. पाहुणे म्हणजे देहानेही प्रमुखच. छातीवर बिल्ला, हातात माइक, आणि बोलायची हौस दांडगी. "मित्रहो, मी आता हृदयाच्या अंतरंगात शिरत आहे!" असं म्हणत ते डाव्या कप्प्यात शिरले. आत कोपऱ्यात लिफ्टकाका बसले होते. त्यांनी विचारलं, "वर की खाली?"

मोटार चालू झाली. धप्प.

आणि सुस्स झालंच नाही.

पट्टे सुटले, पण उशा सुटेनात. एवढी भर कोंबलेली की एकदा एकमेकींत रुतल्या त्या रुतल्याच. पाहुणे गळ्यापर्यंत आवळले गेले. बाहेर राहिला फक्त चेहरा आणि माइक धरलेला एक हात. माइक चालू होता. "मित्रहो," साऱ्या संग्रहालयात आवाज घुमला, "मी अडकलो आहे." लोकांना वाटलं भाषणाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. "टाळ्या नकोत! मला काढा!" पुन्हा टाळ्या.

मोटार बंद केली. चौघांनी हात धरून ओढलं, तर पाहुण्यांचा बिल्ला तेवढा निघाला. त्यांचा चेहरा आता जांभळा दिसू लागला होता. पेशीबाईंनी उशी दाबून बघितली आणि त्यांचा चष्मा कपाळावरून आपोआप नाकावर आला. "मास्तर! हे काय भरलंय?"

मास्तर कात्री घेऊन कप्प्याच्या तोंडाशी उभे होते. काय करायचं ते त्यांना कळत होतं, शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शिवण उसवायची, भर काढायची. पण हात पुढे जाईना. चोर, चोर, असं कानात चाललं होतं, आणि तिन्ही वर्षं डोळ्यांसमोर होती. एवढं भरून भरून उभं केलेलं, ते या गर्दीसमोर काढून टाकायचं? मग उरणार काय?

आतून लिफ्टकाकांचा आवाज आला, शांत, जसा चाळीस वर्षं यायचा तसा. "साहेब, कुठे जायचंय?"

"बाहेर!" पाहुणे माइकमध्ये ओरडले.

"जाऊ या. आधी श्वास सोडा. घेऊ नका, सोडा. असं. लिफ्ट सुरक्षित आहे." मग तोच आवाज मास्तरांकडे वळला. "मास्तर, घाई नाही. माझ्या लिफ्टमध्ये पुष्कळ माणसं अडकली आजवर. ओढून एकही निघाला नाही. आधी सैल करावं लागतं. तुम्ही सैल करा, मी इथे धरून आहे यांना."

सासूबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी काही टाकून बोलावं अशी मास्तरांची तयारी होती. पण त्या हळूच म्हणाल्या, "काढा हो भर. तुम्ही चोर नाही. तुमच्या वडिलांना मी सांगेन वर गेल्यावर."

मास्तरांनी शिवण कापली. फोम आणि कापूस भसाभस बाहेर आला. दुसरी कापली, तिसरी कापली. रडत रडत, नाक पुसत, मुठी भरभरून भर बाहेर काढली, गुडघ्याएवढा ढीग झाला. आणि मग भिंतीने मोठा निश्वास टाकला, सुस्स. प्रमुख पाहुणे डोकं पुढे करून घरंगळत बाहेर आले, लालबुंद, ओले, टाहो फोडत. गर्दीतली एक बाई न राहवून ओरडली, "मुलगा झाला!"

पाहुण्यांना पाणी पाजून, बिल्ला लावून, गाडीत बसवून दिलं. पेशीबाई ढिगाशेजारी बसल्या. "ही धावपटूची भरसुद्धा आहे यात! काढली नव्हतीत तुम्ही?"

मास्तरांनी मान खाली घातली. "नाही काढवली."

बाई रागावतील असं त्यांना वाटलं. पण बाई उशी हातात घेऊन सांगू लागल्या. "मास्तर, भार आला की पेशी जाड होते, ते चांगल्यासाठीच. पण भार हटलाच नाही तर ती जाड होतच जाते. भिंत जाड, आत जागा कमी. शिवाय अशी ताठर भिंत आवळते, पण सैल होत नाही. सैल झाली नाही तर आत रक्त येणार कुठून? हृदयाचं अर्धं काम सोडण्याचं असतं."

मास्तरांनी हातातला कापूस ढिगावर ठेवला. मग म्हणाले, "माझीही भिंत जाड आहे म्हणाले डॉक्टर."

"काय? आणि तुम्ही काय केलंत?"

"सगळ्यांना सांगितलं. मला वाटलं, पक्कं काम."

बाईंनी कपाळाला हात लावला. "उद्या सकाळी डॉक्टरकडे जायचं. मी सोबत येते. आणि गोळी रोज घ्यायची, आठवली तर नाही!"

मास्तर हो म्हणाले, आणि हा हो खरा होता. पण ते उठेनात. दाराशी फलकाकडे बघत त्यांनी विचारलं, "बाई, नवीन पेशी येतच नाही का हो? एकसुद्धा?"

"येते की."

"अं?"

"फार थोड्या. वर्षाला शंभरात एकही धड नाही. म्हातारपणी तर त्याहून कमी. पण अगदी शून्य नाही."

"सत्तरी ओलांडल्यावरही?"

"तेव्हाही येते. क्वचित."

मास्तर उसळले. "अहो, मग हे फलकावर का नाही लिहिलंत? मी इथे रोज वाचतोय!"

"जागा नव्हती," बाई म्हणाल्या. आणि मग जरा ओशाळून म्हणाल्या, "बदलते फलक. तुम्ही एक नवी उशी शिवा. त्या व्रणाशेजारी लावू."

मास्तरांनी तिथेच, जमिनीवर बसून, त्या ढिगातल्या कापसाची एक उशी शिवली. मऊ, हाताला दबणारी. भर घालताना हात आखडून शिवलेली त्यांची पहिली उशी. ती डाव्या कप्प्यात कॅनव्हासच्या शेजारी लावली आणि ते जवळजवळ पळतच घरी निघाले. मध्ये दम लागला, तेव्हा थांबले, श्वास सोडला, मग चालत गेले.

घरासमोर लिफ्टकाका पेटी उचलायला आले होते. पेटी उचलत नव्हती, तेव्हा ते तिच्या शेजारी नुसते उभे होते. सासूबाई दाराला कडी घालत होत्या. डोळे सुजलेले. तीन खोल्यांची ती कडी घालायला त्यांना फार वेळ लागत होता.

मास्तर काकांसमोर जाऊन उभे राहिले. खिशातून टेप काढली.

"उंची किती हो तुमची?"

काका गोंधळले. त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. "उंची? माझी? कशाला हवी?"

सासूबाईंचा हात कडीवरच थांबला. मग त्यांनी कडी काढली, दार सताड उघडलं आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "सांगा हो. या घरात माणूस आत घेताना हेच विचारतात."

काका ताठ उभे राहिले. "पाच फूट चार. पूर्वी पाच सहा होती."

"पाच सहाच धरतो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पेटीचा एक कान धरला.